पोलीस ठाण्यातील कागद : कोणता, कोणाकडे आणि कसा मागावा

१. प्रश्न एक, कागद अनेक

चोरीची फिर्याद दिलेली असते, बांधावरच्या भांडणाचा अर्ज दिलेला असतो किंवा घरातील माणूस रस्त्यावरील अपघातात गेलेला असतो. काही दिवसांनी विमा कंपनी, बँक, वकील किंवा तालुका कृषी कार्यालय ‘पोलिसांचे कागद आणा’ असे सांगते, आणि मग बारामती-इंदापूर भागातील कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो की ठाण्यातल्या कागदाची प्रत आपल्याला मिळते का, मिळत असेल तर ती कोणाकडे मागायची आणि तिला पैसे किती पडतात. या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण ‘पोलिसांचे कागद’ या दोन शब्दांखाली निदान सहा-सात वेगवेगळ्या प्रकारची कागदपत्रे येतात आणि त्यांपैकी प्रत्येकाचा मालक, कायदा आणि मुदत वेगळी असते. काही कागद पोलिसांनी न मागता द्यावयाचे असतात, काही न्यायालयातूनच मिळतात, काही माहितीच्या अधिकारात मिळतात आणि काही कोणत्याही वाटेने मिळत नाहीत. ठाण्यात हेलपाटे घालावे लागतात त्याचे मोठे कारण पोलिसांची टाळाटाळ हे असतेच. पण पुष्कळदा चुकीचा कागद चुकीच्या खिडकीवर मागितला जातो, हेही तितकेच खरे आहे.

२. ठाणे कोणते, क्रमांक कोणता

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या हद्दीत येतात. या दलाचे प्रमुख पोलीस अधीक्षक असून त्यांचे मुख्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे, तर बारामतीत अपर पोलीस अधीक्षक आणि उपविभागीय पोलीस अधिकारी यांची कार्यालये आहेत. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन आयुक्तालये स्वतंत्र आहेत. त्यामुळे ‘पोलीस आयुक्त, पुणे’ या नावाने पाठवलेला भिगवणच्या अपघाताचा अर्ज मुळातच चुकीच्या घरी जातो. बारामतीत शहर आणि तालुका अशी दोन वेगळी ठाणी आहेत आणि वडगाव निंबाळकरचे ठाणे त्याच तालुक्यात आहे. इंदापूर तालुक्यात इंदापूर, भिगवण आणि वालचंदनगर अशी ठाणी आहेत. घटना ज्या जागी घडली ती जागा ज्या ठाण्याच्या हद्दीत येते त्या ठाण्यात मूळ नोंद असते, मग फिर्यादीचे गाव कोणतेही असो.

गुन्हा दाखल झाला की त्याला ‘गु. र. नं.’, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, मिळतो. हा क्रमांक प्रत्येक ठाण्यात दर वर्षी जानेवारीत नव्याने एकपासून सुरू होतो, त्यामुळे ठाणे आणि वर्ष यांच्याशिवाय नुसता क्रमांक निरुपयोगी ठरतो. गट नंबर सांगितला पण गाव सांगितले नाही तर तलाठ्याला सातबारा काढता येत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. दखलपात्र गुन्ह्याच्या या रजिस्टरखेरीज अदखलपात्र नोंदींचे, ज्याला ठाण्यात सगळेच ‘एनसी’ म्हणतात, आणि अकस्मात मृत्यूंचे अशी रजिस्टरे स्वतंत्र असतात. नुसत्या तक्रार अर्जाला यांपैकी कोणताही क्रमांक मिळत नाही, त्याला फक्त आवक क्रमांक मिळतो. म्हणून ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी ठाणे अंमलदाराकडून, म्हणजे त्या पाळीत नोंदी घेण्यासाठी बसलेल्या कर्मचाऱ्याकडून, आपल्या कागदावर रजिस्टरचे नाव, क्रमांक, तारीख आणि शिक्का घेणे हे पुढच्या सगळ्या मागण्यांचे मूळ आहे.

३. प्रथम खबर : जी मागावी लागू नये

प्रथम खबर अहवाल, म्हणजेच एफआयआर, हा दखलपात्र गुन्ह्याविषयी पोलिसांना मिळालेल्या पहिल्या माहितीचा लेखी नमुना असतो. दखलपात्र म्हणजे ज्यात न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास सुरू करू शकतात असा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे या नोंदीची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडित व्यक्तीला ताबडतोब आणि विनामूल्य दिली पाहिजे. जुन्या कायद्यात हा हक्क फक्त खबर देणाऱ्यापुरता होता. नव्या कायद्याने त्यात पीडिताची भर घातली. हा बदल छोटा दिसत असला तरी गावगाड्यात त्याचा उपयोग मोठा आहे, कारण अपघाताची किंवा मारामारीची खबर अनेकदा शेजारी, पोलीस पाटील किंवा स्वतः पोलीस कर्मचारीच देतो आणि ज्याचे नुकसान झाले तो रुग्णालयात असतो. अशा जखमीला आता प्रतीसाठी फिर्यादीच्या मागे लागण्याचे कारण राहिलेले नाही. या प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, तिकीट लागत नाही, आणि ‘साहेब आल्यावर या’ या उत्तराला कायद्यात जागा नाही.

आरोपीची वाट वेगळी आहे. ‘यूथ बार असोसिएशन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, ज्याचे नाव गुन्ह्यात आले आहे असे त्याला वाटते तो स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधी ठरलेले शुल्क भरून ठाण्याकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे प्रत मागू शकतो, आणि ती २४ तासांत द्यावयाची असते. प्रथम खबर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावी, दुर्गम भागात इंटरनेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत टाकावी, असेही याच निर्णयात सांगितले आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित प्रथम खबरींचा विभाग आहे. तेथे जिल्ह्याच्या यादीत ‘पुणे ग्रामीण’ निवडून, ठाणे आणि तारखांचा कालावधी भरला की त्या काळातील नोंदी दिसतात. ज्याला फक्त मजकूर वाचायचा आहे त्याचे काम येथे घरबसल्या होते. परंतु विमा कंपनी किंवा न्यायालय बहुधा सही-शिक्क्याची प्रत मागते, आणि त्यासाठी ठाण्याची पायरी चढावीच लागते.

या पोर्टलवर प्रत्येक गुन्हा सापडेलच असे नाही. लैंगिक अत्याचार, बालकांवरील लैंगिक गुन्हे आणि दहशतवाद यांसारख्या संवेदनशील प्रकरणांतील खबर तेथे टाकली जात नाही, आणि तसे न टाकण्याचा निर्णय पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरील अधिकाऱ्याने अथवा जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यावयाचा असतो. तेथे प्रत दिसली नाही म्हणजे गुन्हाच दाखल झाला नाही, असा अर्थ काढणे घाईचे ठरते.

एनसीची नोंद झाली असेल तर कलम १७४ प्रमाणे पोलीस तिचा सारांश रजिस्टरात लिहून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतात. या नोंदीची प्रत त्याच वेळी मागून घ्यावी. गुन्हाच नोंदवून घेतला जात नसेल, तर लेखी खबर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे, हा क्रम कलम १७३ नेच घालून दिलेला आहे. अशा वेळी टपालाची पावती हाच हाती असलेला एकमेव कागद असतो, म्हणून ती जपावी.

४. अपघात आणि अकस्मात मृत्यू

या भागात पोलीस कागदांची सर्वाधिक निकड अपघातानंतर भासते. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो, आणि गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. अपघातात माणूस दगावला की एका घटनेतून अनेक कागद तयार होतात: प्रथम खबर, जागेची मापे आणि वाहनांची स्थिती नोंदवणारा घटनास्थळ पंचनामा, मृतदेहाची स्थिती नोंदवणारा मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वाहनाच्या तपासणीचा अहवाल. यांपैकी शवविच्छेदनाचा अहवाल वैद्यकीय अधिकारी तयार करतो. बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात शवविच्छेदन झाले असेल तर अहवालाचे मूळ तेथे असते आणि पोलिसांकडे त्याची प्रत जाते. ठाण्यात ‘अजून आला नाही’ असे ऐकू आले तर तो रुग्णालयातून निघाला आहे का, एवढे तेथे विचारल्यास अर्धा गुंता सुटतो.

गुंता खरा वाढतो तो जखमीला पुण्याला हलवल्यावर. समजा, इंदापूरजवळ जखमी झालेला एक माणूस ससून रुग्णालयात दोन दिवसांनी मरण पावला. ससून पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत असल्याने मृत्यूची पहिली नोंद आणि मरणोत्तर पंचनामा तेथील ठाण्याकडून होतो आणि ते कागद नंतर वर्ग होऊन इंदापूरला येतात, तर घटनास्थळ पंचनामा पहिल्यापासून इंदापूरच्या तपासी अंमलदाराकडे असतो. कुटुंबाने केवळ इंदापूरला विचारत राहणे किंवा केवळ पुण्याला खेटे घालणे या दोन्हींत वेळ जातो; पुण्याच्या ठाण्यातून कागद कोणत्या जावक क्रमांकाने आणि कोणत्या तारखेला पाठवले हे लिहून आणले, की इंदापूरला त्या क्रमांकावरून ते शोधता येतात.

मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावयाचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी कुटुंबाने ती पाळण्यातच शहाणपण आहे. त्याच तारखेपासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तपासी अधिकाऱ्यावरही मुदती घातल्या आहेत: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत. हे अहवाल न्यायाधिकरणाबरोबर विमा कंपनी आणि पीडित पक्ष यांच्याही माहितीसाठी असतात. म्हणून अपघातग्रस्त कुटुंबाने ठाण्यात ‘केसचे कागद द्या’ असे मोघम न म्हणता ‘सविस्तर अपघात अहवालाची प्रत द्या’ असे नाव घेऊन मागितले, तर मागणीला कायद्याचे वजन येते आणि नव्वद दिवसांचा हिशेबही बोलता येतो.

विहिरीत बुडणे, सर्पदंश, विजेचा धक्का अशा मृत्यूंत गुन्हा नसतो, अकस्मात मृत्यूची नोंद असते. आता ही चौकशी नव्या संहितेच्या कलम १९४ खाली होते. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने या नोंदीला पैशाचे मोल आहे, कारण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी मिळणाऱ्या दोन लाख रुपयांच्या प्रस्तावाला पोलिसांचे किंवा पोलीस पाटलांचे अहवाल जोडावे लागतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यावयाचा असल्याने, तेराव्यानंतर बघू असे म्हणणाऱ्या घराला पुढे उरलेल्या दोन आठवड्यांत धावाधाव करावी लागते.

५. न्यायालयात गेलेले कागद

तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झाले की जबाब, पंचनामे आणि अहवाल यांची जागा बदलते; ते आता बारामती किंवा इंदापूरच्या न्यायालयाच्या फाइलीत असतात आणि ठाण्यात मागण्यात फारसा अर्थ उरत नाही. संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत न्यायालयाने हे सर्व कागद आरोपीला विनामूल्य द्यावयाचे असतात, आणि पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही. इतर वेळी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून, शुल्क भरून साक्षांकित प्रत काढता येते. प्रकरणाचा क्रमांक ठाऊक नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून तो शोधता येतो. तिऱ्हाइताला मात्र दोषारोपपत्र सहज मिळत नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नसल्याने संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

दोषारोपपत्राऐवजी पोलीस तपास बंद करण्याचा अहवाल पाठवतात, तेव्हा महाराष्ट्रात त्याला ‘समरी’ म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘ए’, फिर्याद जाणूनबुजून खोटी आढळली तर ‘बी’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून फिर्याद झाली असे ठरल्यास ‘सी’. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवले आहे. मोटारसायकल चोरीच्या फिर्यादीला विमा कंपनी जो ‘फायनल रिपोर्ट’ मागते तो बहुधा ही ‘ए समरी’च असते, आणि ती न्यायालयाने मंजूर केलेली असावी लागते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन कलम १९३ ने पोलिसांवर घातलेले आहे; हा हक्क ठाऊक नसल्याने तो फार थोडे लोक बजावतात.

६. माहितीचा अधिकार कोठे उपयोगी पडतो

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे अनेकांना पहिले हत्यार वाटते. वस्तुतः वर सांगितलेल्या विनामूल्य कागदांसाठी तो वापरणे म्हणजे आज मिळणाऱ्या प्रतीसाठी स्वतःहून ३० दिवस थांबणे होय. त्याचा खरा उपयोग जेथे दुसरा कायदा प्रत देत नाही तेथे आहे, आणि असा सर्वांत मोठा प्रांत म्हणजे ‘अर्ज चौकशी’. गुन्हा दाखल न होता नुसत्या तक्रार अर्जावर कोणी तरी जबाब घेतो, अहवाल लिहितो आणि अर्ज ‘निकाली’ निघतो. तक्रारदाराला यातले काहीच कळत नाही.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, आणि त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे. अर्ज ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, ज्याचे पदनाम कार्यालयाच्या फलकावर लावलेले असले पाहिजे. मजकुराचा नमुना असा होऊ शकतो: ‘बारामती तालुका पोलीस ठाण्यात दि. अमुक रोजी आवक क्रमांक तमुक अन्वये दिलेल्या माझ्या तक्रार अर्जाबाबत, (१) चौकशीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम, (२) चौकशी अहवालाची छायाप्रत, (३) अर्ज निकाली काढल्याच्या आदेशाची किंवा शेऱ्याची छायाप्रत.’ येथे ‘कारवाई का केली नाही?’ असा प्रश्न नाही, हे लक्षात घ्यावे. कायद्याखाली नोंदीत असलेली माहिती मिळते, अधिकाऱ्याने स्पष्टीकरण लिहून द्यावे अशी अपेक्षा त्यात नाही; ‘का’चा अर्ज फेटाळणे सोपे असते आणि शेऱ्याच्या प्रतीचा अर्ज फेटाळणे अवघड असते. बहुतेक वेळा त्या शेऱ्यातच ‘का’चे उत्तर असते.

प्रतींना पानामागे २ रुपये पडतात. वरील अर्जाला १२ पाने निघाली तर २४ रुपये आणि टपालाने हवी असल्यास टपालखर्च, एवढाच हिशेब होतो. उत्तर ३० दिवसांत यावे लागते; माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावयाचा असतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत २० रुपयांचे तिकीट लावून प्रथम अपील करावे, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे. आयोग दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो, परंतु तेथवर पोहोचण्यास लागणारा काळ ध्यानात घेता मूळ अर्जच नेमका लिहिण्यात जास्त लाभ आहे.

७. नकार आणि त्याची कारणे

नकाराच्या पत्रात सर्वाधिक दिसणारे कारण म्हणजे कलम ८(१)(ज), तपासात अडथळा येण्याचे. ‘तपास चालू आहे’ एवढे म्हणणे यासाठी पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटले आणि अपिलांत त्याचा आधार आजही घेतला जातो. खबऱ्याची ओळख उघड होऊन जिवाला धोका होईल अशी माहितीही मिळत नाही, आणि हे कारण योग्यच आहे. वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अधिक रुंद केला आहे. दुसऱ्याच्या जबाबाची किंवा पत्त्याची मागणी आता अधिक सहजपणे नाकारली जाईल. मात्र जनहित मोठे असेल तर माहिती देता येते ही कलम ८(२) ची तरतूद कायम आहे, आणि कागदाचा काही भागच गुप्त असेल तर तेवढा झाकून उरलेला देण्याचे कलम १० देखील.

केस डायरी, म्हणजे तपासी अधिकाऱ्याने रोजच्या तपासाची लिहिलेली नोंद, आरोपीला किंवा त्याच्या वकिलालाही मागता येत नाही. ती पाहण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची आणि कायद्याशी संबंध आलेल्या बालकाची ओळख उघड होईल असा कोणताही कागद तिऱ्हाइताला मिळणार नाही, आणि मिळाला तरी तो पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने जपावे असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. परंतु ठाण्यात मारहाण झाल्याची तक्रार असेल तर चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या आठवड्यातच करावी.

८. जुने दफ्तर

वडिलोपार्जित जमिनीच्या वादात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचे कागद मागण्याची वेळ येते. वीस वर्षांहून जुन्या घटनेच्या माहितीला, तपासात अडथळ्याच्या कारणासह, बहुतेक अपवाद लागू होत नाहीत; अडचण असते ती कागद शिल्लक असण्याची. ठाण्यातील दफ्तर वर्गवारीप्रमाणे ठरावीक काळाने नष्ट केले जाते. याहून जुन्या काळाचा शोध घेणाऱ्याने पोलीस ठाणे सोडून अभिलेखागारांकडे जावे. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे खत-रोखे हिसकावून जाळले आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्या वेळी सुपे भीमथडी तालुक्यात होते, म्हणून त्याचे कागद ‘बारामती’ या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. त्या काळातील मुंबई सरकारच्या न्याय आणि महसूल खात्यांची दफ्तरे मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात आहेत. ज्यांच्या विरुद्धचा पुरावा सावकाराच्या पेटीत आणि स्वतःकडे त्याची नक्कलही नाही, अशा कुळांचा तो संताप होता, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकाराला पावती व हिशेबाचा उतारा देणे भाग पाडले.

अलीकडच्या, म्हणजे दोन-तीन दशकांपूर्वीच्या कागदासाठी मात्र ठाण्याचाच पाठपुरावा करावा. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आले तर तेथे थांबू नये. तो कागद नियमाप्रमाणे नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या आदेशाची आणि यादीतील संबंधित पानाची प्रत नव्या अर्जाने मागावी. ती यादीही सापडत नसेल तर कागद नष्ट झालेला नसून हरवलेला आहे असा अर्थ होतो, आणि सरकारी अभिलेख हरवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा हवाला देऊन प्रथम अपिलात लेखी उपस्थित करता येतो.